ऐकून काढलेलं चित्र: अण्णांसाठी ऑर्डर द्यावी का?

डबलबेल (लातूर)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, विषय जरा वेगळाय, हसू नका.

माझे वडील, अण्णा, येत्या चैत्रात ७५ पूर्ण करतील. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. भाऊ म्हणतो अंगठी करू, वहिनी म्हणते गाडी करून पंढरपूर-तुळजापूर फिरवून आणू, आणि मला त्यांचं चित्र काढून घ्यायचंय. फोटोवरून काढतात तसलं नाही. संभाजीनगरच्या एक चित्रकार बाई आहेत, त्या माणसाला समोर बसवून नुसतं ऐकतात, दोनतीन बैठका, आणि मग त्या ऐकण्यावरून अमूर्त चित्र करतात. नाक डोळे काही नाही, रंग, रेघा, पोत एवढंच. मैत्रिणीकडं तिच्या सासूबाईंचं बघितलं. खरं सांगते, पहिल्यांदा मला ते ओल आलेल्या भिंतीसारखं दिसलं, पण जेवायला बसलो तर नजर सारखी तिकडंच, कारण त्या सासूबाई बोलायला लागल्या की एक वाक्य सुरू करतात आणि तिसरंच संपवतात आणि मधलं तुम्ही समजून घ्यायचं, तर ते तसंच त्या चित्रात होतं. कसं ते मला सांगता येणार नाही.

३० बाय ४० इंच कॅनव्हास, ४२ हजार सांगितलेत, चौरस इंचाला ३५ रुपये असा हिशोब, अर्धे आधी.

पैशाचं बघू. खरी अडचण ही की अण्णा बोलतच नाहीत. दिवसभरात वीसेक वाक्यं, त्यातली निम्मी म्हशीशी. का बोलत नाही म्हणलं तर "जल्मभर बोलून बोलूनच तिकिटं फाडली, आता काय बोलू". असल्या माणसाला ऐकून काय काढणार? कुणी असं कमिशन करून घेतलंय का?

कडबाकुट्टी (परभणी)

कमिशन कुणाला द्यायलीस ताई? मधी एजंट हाय का कोणी? आमच्याकडं कमिशन म्हणलं की अडत्याचंच डोक्यात येतं.

डबलबेल (लातूर)

अहो तसं नाही, ऑर्डर देऊन काढून घेणं. चित्रवाले लोक त्याला कमिशनच म्हणतात.

कडबाकुट्टी (परभणी)

मग इसार म्हण की सरळ, २१ हजार इसार. हलके घ्या. पण एक इचारतो, रागवू नको. आमच्या इथं ४ हजारात हुबेहूब काढून देतात, फेट्यासकट. चित्रात बाप वळखू येत नसंल तर ते बापाचं चित्र कसं? उद्या कोण पाव्हणा आला अन् हे काय म्हणला तर काय सांगणार, हे आमचे अण्णा?

अंबाजोगाईकर

कडबाकुट्टी +१. आणि मला तर हे पोपटवाल्या ज्योतिषासारखं वाटतं. पोपटानं कुठलंही पाकीट काढलं तरी आपण म्हणतोच, हो हो, हे माझंच. अमूर्त चित्रात काय, काहीही काढा, घरचे लोक स्वतःच जुळवून घेतात. करडा रंग असला की अण्णांचा गंभीर स्वभाव, लाल असला की अण्णांचा राग!

रंगपेटी (छ. संभाजीनगर)

मी स्वतः चित्रं काढते, ऐकून काढण्याचं काम थोडंफार केलंय, धागाकर्तीने सांगितलेल्या बाई मी नव्हे, त्यामुळं जाहिरात समजू नये.

पोपटाचा मुद्दा खोटा नाही. समजा तीन अनोळखी माणसांची अशी चित्रं शेजारी ठेवली आणि घरच्यांना म्हणलं यातलं तुमचं ओळखा, तर बरेचजण चुकतील, मी काढलेल्यांतही चुकतील. पण मुळात ते ओळखपत्र नाहीच. हुबेहूब चित्रात चित्रकार तासन् तास चेहरा बघतो आणि कानावर आलेलं सोडून देतो, इथं उलट. मी चेहरा बघत नाही असं नाही, समोर बसलेलं माणूस दिसणारच की, पण तो काढत नाही.

चेहऱ्याशिवाय व्यक्तिचित्र ही काही काल निघालेली टूम नाही. मार्सडन हार्टली नावाचा अमेरिकन चित्रकार १९१४ मध्ये बर्लिनला होता. त्याचा अतिशय जवळचा माणूस, जर्मन सैन्यातला एक तरुण अधिकारी, ऑक्टोबरमध्ये लढाईत गेला. हार्टलीनं त्याचं मोठं चित्र केलं, त्यात माणूसच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर झेंड्यांचे पट्टे, पदक, त्याच्या नावाची आद्याक्षरं, त्याचं वय २४, पलटणीचा आकडा ४. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आणि ऐकून रंगवण्याचं म्हणाल तर कांदिन्स्की हा रशियन चित्रकार जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला शोनबर्ग या संगीतकाराच्या मैफलीला गेला आणि लगेच चित्र केलं, भलामोठा पिवळा रंग अंगावर येतो आणि वर एक काळा ढेप, तो पियानो. आपल्याकडं तर दख्खनमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटापासून रागमाला रंगवत होते, राग दिसतो कसा हे काढायचं. त्यात माणसं असतात म्हणा, ती अमूर्त नव्हेत, पण कानानं घेतलेलं डोळ्याला द्यायचं हे आपल्याला परकं नाही एवढंच.

आता न बोलणाऱ्या अण्णांबद्दल. बोलणारी माणसं जास्त अवघड असतात! ती पाठ केलेलं सांगतात. लग्न कसं झालं, नोकरी कशी लागली, सगळं चारशे वेळा सांगून गुळगुळीत झालेलं. मी पहिल्या बैठकीत ब्रश हातात घेतच नाही. काय बोलतात यापेक्षा कुठं अडतात, श्वास कुठं घेतात, कुठला शब्द परत परत येतो, आवाज कुठं खाली जातो हे टिपते, साध्या वहीत, पेन्सिलीनं, नुसत्या खुणा. ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी रंगाचे ठिपके पोस्टकार्डाएवढ्या कागदावर टाकून ठेवते, दुसऱ्या दिवशी ते उतरत नाही, का ते माहीत नाही. मग तीन छोटी कागदावरची कामं, मग कॅनव्हास.

दोन गोष्टी बघून घ्या. घरचं कोणीही खोलीत नको, मुलगी तर अजिबात नको. आणि बाईंना आधीच विचारा की पसंत पडलं नाही तर काय. मी स्वतः कागदावरचं काम एकदा दाखवते, तेव्हा नको म्हणलात तर तिथंच थांबते, निम्मा इसार परत. कॅनव्हास झाल्यावर "इथं थोडा निळा टाका" चालत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

रंगपेटीताई छान लिहिलंत. गायतोंडे आठवले. नागपुरात जन्म १९२४ चा, आपल्याकडच्या अमूर्त चित्रकलेत एवढं मोठं नाव, पण त्यांना अमूर्त हा शब्दच पसंत नव्हता, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणा म्हणायचे. म्हणजे नावावरूनच भांडण जुनं आहे.

माझा अनुभव मात्र वाईट. आईचं असंच करून घेतलं होतं, गाव आणि नाव सांगत नाही, ते गृहस्थ एकच बैठक बसले, तीही पाऊण तास, त्यात वीस मिनिटं स्वतःच्या प्रदर्शनाबद्दल बोलले. आई बिचारी हं हं करत राहिली. चित्र आलं ते सुंदर होतं, नाही असं नाही, पण दोन वर्षांनी त्यांच्याच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं डिट्टो तसंच बघितलं, फक्त हिरव्याच्या जागी जांभळं. तेव्हा डबलबेल, तुम्ही बाईंची आधीची चारपाच कामं शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळी एकाच माणसाची वाटली तर ते माणूस म्हणजे चित्रकार स्वतः.

काळाकोट (बीड)

धंद्याचं बोलतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ मधला परंतुक ब. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र किंवा पोर्ट्रेट काढलं तर, उलट करार नसेल तर, कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढून घेणारा. चित्रकार नव्हे! हे बऱ्याच चित्रकारांनाही माहीत नसतं. म्हणजे बाईंना ते चित्र कॅलेंडरवर किंवा पुस्तकाच्या कव्हरवर छापायचं तर तुमची परवानगी लागेल, जर लेखी वेगळं ठरलं नसेल तर. पण याचा अर्थ तुम्ही चित्राचं काहीही करू शकता असा नाही. कलम ५७ प्रमाणं हे माझं काम आहे हे सांगण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क चित्रकाराकडं राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकलं होतं, त्यावर दिल्ली हायकोर्टानं २००५ मध्ये सरकारला ५ लाख भरपाई द्यायला लावली आणि उरलेले तुकडे सहगलांना परत द्यायला सांगितले. तेव्हा सोफ्याला मॅच होत नाही म्हणून चित्र कापून लहान करू नका.

आणि कायद्यात स्पष्ट सापडत नाही म्हणून कागदावर लिहून घ्या असं एक सांगतो: बैठकीतलं बोलणं रेकॉर्ड करणार का, केलं तर ते कुणाचं, किती दिवसांनी पुसणार. एक पानभर लिहा, दोघांच्या सह्या, आणि अण्णांचीही सही. बोलणारे ते आहेत, पैसे देणारी तुम्ही.

कडबाकुट्टी (परभणी)

बापाचं बोलणं बापाचं, पैसं लेकीचं, चित्र बाईचं, कॉपीराइट परत लेकीचा. सातबारा सोपा याच्यापेक्षा.

निजामकालीन

आमच्या लहानपणी पहाटे जात्याचा आवाज यायचा त्यावरून अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की कोणाकडं दळण चाललंय. ओवी तीच असायची, गल्लीत सगळ्याजणींना तीच, पण आमची आई दुसऱ्या चरणाला जातं हळू करायची आणि शेजारची काकू तिथंच जोरात ओढायची. आईचा एकही फोटो नाही माझ्याकडं. कुणी तेव्हा असं ऐकून काही काढून ठेवलं असतं तर मी ४२ काय दुप्पट दिले असते. ताई, द्या ऑर्डर.

अंबाजोगाईकर

निजामकालीन काका, तुमच्यासमोर बोलायची सोय नाही राहिली आता. पण पोपटाचं माझं मत कायम.

डबलबेल (लातूर)

अपडेट. दिली ऑर्डर. भाऊ तीन दिवस बोलला नाही, मग म्हणला १० मी देतो. काळाकोट दादांनी सांगितल्याप्रमाणं एक पानाचा कागद केला. बाईंनी स्वतःहूनच लिहिलं की रेकॉर्डिंग फक्त त्यांच्यासाठी, काम झालं की पुसणार, घरच्यांनाही देणार नाही. अण्णांनी तो कागद तीनदा वाचला, वेबिल (कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद) वाचायचे तसा, खाली बोट फिरवत, आणि सही केली.

पहिली बैठक आमच्याच घरी झाली. मी बाहेर. दीड तास. दार उघडलं तेव्हा बाई वहीत काहीतरी करत होत्या आणि अण्णा खिडकीतून गोठ्याकडं बघत होते. मी घाबरतच विचारलं, बोलले का काही? बाई म्हणाल्या चार मिनिटं, भरपूर झालं. मग धपाटे दह्यासोबत दोन खाल्ले, तिसरं डब्यात घेतलं आणि गेल्या. अण्णा एवढंच म्हणले, "बाई बरीय, घाई करत न्हाई."

गोदाकाठ (नांदेड)

चार मिनिटांचे २१ हजार! एसटीपेक्षा महाग तिकीट.

डबलबेल (लातूर)

दुसरी बैठक झाली. मुद्दाम ऐकलं नाही पण चहा घेऊन गेले तेव्हा दाराशी जे कानावर पडलं तेवढं लिहिते, अण्णांना विचारूनच लिहितेय. बाईंनी त्यांना आयुष्याबद्दल काही विचारलंच नाही. म्हणल्या काका, तुमच्या गाडीचे थांबे सांगा. आणि अण्णा सुरू. लातूर, औसा, लामजना पाटी, मधल्या वाड्या, सगळे फाटे, गाडी हलत असताना म्हणतात ना त्या आवाजात, मी तो आवाज पंधरावीस वर्षांत ऐकला नव्हता, शाळेत असताना सुट्टीत त्यांच्या गाडीत बसायचे तेव्हाचा आवाज, तिकिटाची पेटी पंचनं टकटक वाजवत यायचे आणि मला ओळखच दाखवायचे नाहीत, पोरगी असली तरी हाफ तिकीट फाडायचे.

तर थांबे सांगत सांगत लामजन्याच्या पुढं आले आणि थांबले. मग बाईंना विचारलं, "किल्लारी कोणती सांगू? जुनी का नवी?"

मी चहा तसाच परत आणला.

निजामकालीन

भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. विसर्जन करून माणसं नुकतीच झोपली होती. अण्णा त्या मार्गावर होते का तेव्हा?

डबलबेल (लातूर)

होते. मी नऊ वर्षांची होते. आठवड्यातून दोनदा मुक्कामी गाडी असायची. त्या रात्री मुक्काम कुठं होता हे घरात कुणालाच माहीत नाही, आईलासुद्धा. चौथ्या दिवशी घरी आले एवढं आठवतं. विचारलं की म्हणायचे, डेपोत बघ जा.

अंबाजोगाईकर

बापरे. पोपटाबद्दल बोललो ते मागं घेतो असं नाही, पण आज गप्प बसतो.

डबलबेल (लातूर)

तिसरी बैठक झाली, ती सगळ्यात लांब, अडीच तास. बाहेर आल्यावर अण्णा सरळ झोपले, संध्याकाळी उठून म्हशीची धार काढली, नेहमीसारखे जेवले. पण आता घरात वेगळंच सुरू झालंय. भाऊ म्हणतो रेकॉर्डिंग आपल्याला पाहिजे. आपल्या बापानं आपल्याला तीस वर्षं जे सांगितलं नाही ते एका परक्या बाईला सांगितलं आणि ती ते पुसून टाकणार? पैसे आपण दिलेत ना? काय करू, मलाही आतून तसंच वाटतंय, खोटं कशाला बोलू.

काळाकोट (बीड)

कागदावर सही आहे. विषय संपला.

रंगपेटी (छ. संभाजीनगर)

कायद्यानं संपला असेल, घरात नाही संपणार. डबलबेल, तुमची तगमग कळते. माझ्याकडंही दोनदा असं मागितलंय, एकदा तर माणूस गेल्यावर, नुसता आवाज ऐकायचाय म्हणून. नाही दिलं. फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. पण समोरचं माणूस बोलतं ते त्या खोलीपुरतं म्हणून बोलतं. आणि अण्णा परक्या बाईला बोलले *परकी* होती म्हणूनच. तुम्हाला सांगायचं असतं तर तुम्ही समोरच होता की. कठोर वाटलं तर माफ करा.

गोदाकाठ (नांदेड)

मला पटत नाही हे. उद्या अण्णा नसले तर? त्या भागातली ती पिढी चाललीय, ज्यांनी ते बघितलं त्यांचं बोलणं असं पुसून टाकायचं म्हणजे काय? तो फक्त घरचा प्रश्न नाही. अण्णांनाच विचारा, ठेवायचं का म्हणून. त्यांनी हो म्हणलं तर कागद बदलता येतो.

कडबाकुट्टी (परभणी)

गोदाकाठ बरोबर बोलायलेत. मालक जिता हाय तवर मालकाला इचारा.

डबलबेल (लातूर)

विचारलं. काल रात्री, अंगणात. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणले, "तुला काय इचारायचंय ते मला इचार की, मशीनला कशाला इचारतीस." मी विचारलं मग. पुढचं इथं लिहीत नाही.

रेकॉर्डिंग पुसलं. भाऊ समोर होता.

डबलबेल (लातूर)

चित्र आलं! उशिरा लिहितेय, घरात लग्न होतं. कागदावरची तीन कामं बाईंनी मध्ये दाखवली होती, मला दुसरं आवडलं होतं, अण्णांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

कसंय ते सांगायचा प्रयत्न करते. खाली काळं, म्हणजे डांबरी काळं नाही, पाऊस पडून गेल्यावर आपल्या वावराचं असतं तसं. त्यावर खाकी, लावून परत पुसलेली, त्यामुळं कुठं दाट कुठं विरळ. डावीकडून बारीक बारीक पांढऱ्या जागा सुरू होतात, एका ठेक्यात, पंचनं भोकं पाडल्यासारख्या, आणि साधारण मधल्याच्या थोडं अलीकडं त्या बंद होतात. तिथं तळहाताएवढी जागा कोरी. काहीच नाही, नुसता कॅनव्हास. त्याच्यापुढं परत सुरू होतात, पण ठेका वेगळा, जरा लंगडा. वर उजव्या कोपऱ्यात हळदीसारखा एक फराटा, तो का आहे ते मला अजून कळलं नाही.

आई म्हणली, "हे मधलं पुसताना राहिलंय का लावताना?" कोणी उत्तर दिलं नाही. अण्णा चष्मा लावून फूटभर अंतरावर उभे राहिले, डावीकडून उजवीकडं गेले, परत आले, आणि म्हणले लामजना पाटी जरा अलीकडं पायजे होती. बाई म्हणल्या काका, मी रस्ता काढलाच नाहीये. अण्णा म्हणले, "तुमी काढला नसंल, पर आलाय."

अंबाजोगाईकर

हेच, हेच मी म्हणत होतो, बघणारा जुळवतो! पण इथं ज्याचं चित्र त्यानंच जुळवलं, म्हणजे पोपटानं स्वतःचंच पाकीट काढलं. माझी विकेट.

रंगपेटी (छ. संभाजीनगर)

तो हळदीचा फराटा त्यांना विचारू नका. लावताना बाईंना तरी माहीत होतं का कुणास ठाऊक. लावलंय कुठं? पश्चिमेच्या उन्हात नको, आणि लातूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या तोंडासमोर अजिबात नको. अॅक्रिलिक असेल तर कोरड्या मऊ फडक्यानं धूळ झटकायची, ओलं फडकं नको, कोऱ्या जागेवर डाग पडतील. काच लावू नका.

कडबाकुट्टी (परभणी)

फोटू टाक की ताई. अन् पाव्हणे काय म्हणले?

डबलबेल (लातूर)

ओसरीतल्या आतल्या भिंतीवर लावलंय, ऊन येत नाही तिथं. पाहुण्यांपैकी निम्मे विचारतात, निम्मे बघून न बघितल्यासारखं करतात, एक काका म्हणले नकाशाय का. फोटो टाकत नाही, अण्णा नको म्हणले. ज्यांना बाईंचा नंबर पाहिजे त्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करा, इथं टाकणार नाही.

राहिलेले २१ हजार अण्णांनी स्वतः दिले बरं का, आम्हाला देऊ दिले नाहीत. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरून मोजल्या, ती सवय जात नाही. बाईंकडं पावतीपुस्तक नव्हतं. मग अण्णांनीच ट्रंकेतून जुनं वेबिल काढलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पावती लिहिली, बाईंची सही घेतली.

काळाकोट (बीड)

वा, पावती झाली हे उत्तम. तारीख टाकली ना?

डबलबेल (लातूर)

तारीख, वेळ, रक्कम अक्षरी. आणि खाली प्रवास: लातूर ते लातूर.